मुलीच्या अंडाशयात गाठ सापडल्यावर: काय करायचं आणि कुठल्या क्रमाने

दहावीतल्या मुलीचं पोट पुढे आलेलं दिसलं की घरात पहिला आळ येतो वडापाववर, नाहीतर दिवसभर मोबाइल घेऊन लोळण्यावर. जरा नीट बघा. गाल, दंड तसेच आहेत, उलट थोडे उतरलेतच, आणि सलवारीची नाडी मात्र दर पंधरवड्याला सैल बांधावी लागतेय. जाडी अशी एकाच जागी वाढत नाही.

मी जिल्ह्याच्या गावात स्त्रीरोगाची प्रॅक्टिस करते. अंडाशयातल्या कॅन्सरच्या गाठी या वयात फार थोड्या. मुलींमध्ये दिसणाऱ्या बहुतेक गाठी साध्याच असतात: पाळीच्या चक्रात तयार होऊन आपोआप विरणारे पाण्याचे फुगे, नाहीतर केस आणि चरबी भरलेली डर्मॉइड. पण उरलेल्या थोड्यांमध्ये पहिल्या आठवड्यात जे घडतं त्यावर मुलीचं पुढचं सगळं ठरतं. दुसरं ऑपरेशन पुन्हा करता येतं, पहिलं एकदाच होतं. म्हणून हा लेख आईवडिलांसाठी आहे, आणि रात्री साडेअकराला पोटदुखीची मुलगी समोर आलेल्या माझ्यासारख्या डॉक्टरांसाठीही.

शंका कधी घ्यायची

पोट वाढणं, ओटीपोटात जडपणा, सारखी लघवी, बद्धकोष्ठता. यातलं प्रत्येक लक्षण गॅसच्या गोळीवर महिनाभर खपून जातं. महिन्याने तीच तक्रार परत आली तर पोटाला हात लावून तपासा आणि सोनोग्राफी करा. अचानक एका बाजूला मरणाचं दुखून उलट्या सुरू झाल्या, तर गाठीमुळे अंडाशयाला पीळ बसलेला असू शकतो. तिथे तासांचा हिशेब असतो.

काही गाठी हॉर्मोन तयार करतात आणि त्यांची लक्षणं पोटाबाहेर दिसतात. सहा-सात वर्षांच्या मुलीला छाती आली, अंगावरून रक्त गेलं, तर ज्युवेनाइल ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर डोक्यात यायला हवा. त्याच्या उलट, नियमित पाळी येणाऱ्या मुलीची पाळी थांबली, चार-सहा महिन्यांत आवाज घोगरा झाला, हनुवटीवर राठ केस आले, तर तिला ‘पीसीओडी’ म्हणून गोळ्या देऊन परत पाठवू नका. पीसीओडी हळूहळू, वर्षानुवर्षं येतो आणि त्यात आवाज फुटत नाही. आवाज बदलला की रक्तातलं टेस्टोस्टेरॉन आणि सोनोग्राफी, त्याच आठवड्यात. सर्टोली-लायडिग नावाची गाठ अशी सापडते.

आणखी दोन गोष्टी सहसा कुणी जोडून बघत नाही. एक, पंधरा-सोळा वर्षं उलटली तरी पाळी आलेलीच नाही आणि पोटात गाठ आहे. अशा मुलीची गुणसूत्रं तपासल्याशिवाय ऑपरेशनला जाऊ नये. काही मुलींमध्ये एक्सवाय गुणसूत्रं असतात, अंडाशय घडलेलेच नसतात आणि त्या अर्धवट ग्रंथीत डिसजर्मिनोमा नावाचा कॅन्सर होण्याचा धोका मोठा असतो. तिथे दोन्ही बाजूंच्या ग्रंथी काढाव्या लागतात. गर्भाशय मात्र ठेवायचं, कारण पुढे दात्याच्या बीजांडावर तिला मूल होऊ शकतं.

दुसरी गोष्ट ऐकायला विचित्र वाटते. चांगली शिकणारी मुलगी आठ-दहा दिवसांत असंबद्ध बोलू लागते, झोप उडते, तोंडाच्या चमत्कारिक हालचाली होतात, झटके येतात. घरचे कुठे नेतात ते वेगळं सांगायला नको. मेंदूला सूज आणणारा हा एक आजार आहे, एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस. २००७ मध्ये त्याचं नेमकं कारण कळलं: अंडाशयातल्या टेराटोमात (शरीराच्या वेगवेगळ्या भागांच्या पेशी असलेली गाठ, डर्मॉइड त्यातलीच) मेंदूसारख्या पेशी असतात, शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि ती स्वतःच्याच मेंदूवर उलटतात. प्रत्येक मुलीत गाठ सापडत नाही, पण सापडली तर ती काढणं हा उपचाराचाच भाग असतो. म्हणून अशा मुलीच्या पोटाची सोनोग्राफी विसरू नका.

सोनोग्राफीत काय विचारायचं

या वयात तपासणी पोटावरून, लघवी भरून करायची. रिपोर्टमध्ये नुसतं ‘ओव्हेरियन सिस्ट’ लिहून आलं तर रेडिओलॉजिस्टला फोन करा. गाठ किती सेंटिमीटर, आत निव्वळ पाणी की घट्ट भाग, घट्ट भागात रक्तप्रवाह आहे का, पोटात पाणी आहे का, दुसरं अंडाशय कसं आहे, लिव्हर आणि किडनीजवळच्या लसिकाग्रंथी बघितल्या का, हे सगळं लिहून हवं.

पातळ भिंतीची, निव्वळ पाण्याची चार-पाच सेंटिमीटरची गाठ असेल आणि त्रास नसेल, तर सहा ते आठ आठवड्यांनी पाळी झाल्यावर परत बघायचं. बहुतेकदा ती गेलेली असते. घट्ट भाग असलेली, आठ-दहा सेंटिमीटरच्या वरची किंवा पोटात पाणी असलेली गाठ मात्र कॅन्सरची नाही असं सिद्ध होईपर्यंत कॅन्सरची समजून चालायचं.

चाकूच्या आधी रक्त

या लेखातून एकच परिच्छेद लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा. गाठीला हात लावण्याआधी रक्त घ्या: एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच. गाठीमुळे रक्तात वाढणाऱ्या या पदार्थांना मार्कर म्हणतात. हॉर्मोनची लक्षणं असतील तर इन्हिबिन, इस्ट्राडिऑल, टेस्टोस्टेरॉन. सोबत कॅल्शियम, कारण हायपरकॅल्सेमिक प्रकारचा स्मॉल सेल कार्सिनोमा नावाची एक अतिदुर्मीळ आणि फार आक्रमक गाठ असते, तिच्या सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांत कॅल्शियम वाढलेलं असतं. सीए-१२५ हा आणखी एक मार्कर हवा तर करा, पण त्यावर विसंबू नका. ते पाळीत, एंडोमेट्रिओसिसमध्ये आणि पोटाच्या टीबीतही वाढतं. आपल्याकडे पोटात पाणी आणि सीए-१२५ जास्त एवढ्यावर टीबीची औषधं सुरू झालेल्या मुली मी पाहिल्या आहेत. पुराव्याशिवाय सुरू केलेल्या त्या औषधांत दोन महिने जातात.

पुढची नावं बीजपेशींपासून होणाऱ्या, म्हणजे जर्म सेल प्रकारच्या, कॅन्सरची आहेत. एएफपी भरमसाट वाढलेलं असेल तर योक सॅक ट्यूमर. एलडीएच खूप वर आणि गाठ घट्ट असेल तर डिसजर्मिनोमा. एचसीजी वाढलेला असेल तर कोरिओकार्सिनोमा, मिश्र गाठ किंवा डिसजर्मिनोमाही असू शकतो, आणि अर्थातच गर्भधारणाही. इथे एक विनंती. गरोदरपणाच्या पट्टीवर दोन रेघा आल्या की दवाखान्याच्या बाथरूमबाहेरच मुलीच्या थोबाडीत बसलेली मी पाहिली आहे. त्या मुलीच्या गर्भाशयात काही नव्हतं. एचसीजी गाठीतून येत होता. सोनोग्राफी होईपर्यंत हात आवरा, आणि जे बोलायचं ते डॉक्टरला तिच्या एकटीशी बोलू द्या.

लहान गावात आणखी एक अडचण येते. रक्ताच्या ट्यूब एसटीने शहरातल्या लॅबला जातात. वाटेत हिंदकळून तांबड्या पेशी फुटल्या की एलडीएच खोटंच वाढून येतं. म्हणून सिरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी) वेगळं करून पाठवा. आणि एएफपीची तपासणी शेवटपर्यंत एकाच लॅबमध्ये करा. कुठे नॅनोग्रॅममध्ये आकडा देतात, कुठे आंतरराष्ट्रीय युनिटमध्ये, आणि दोन आकडे शेजारी ठेवून घरचे विनाकारण रडतात किंवा विनाकारण पेढे वाटतात.

हे सगळं मी चूक करून शिकले. नवीन असताना रात्री पीळ बसलेली पंधरा वर्षांची मुलगी आली. पोट उघडलं, घट्ट गाठ होती, काळी पडलेली. काढून टाकली, टाके घातले, मुलगी चौथ्या दिवशी चालत घरी गेली. मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट योक सॅक ट्यूमरचा आला. मोठ्या सेंटरच्या डॉक्टरांनी फोनवर तीनच प्रश्न विचारले: ऑपरेशनआधी एएफपी किती होतं? पोटातलं पाणी तपासायला पाठवलं का? गाठ आत फुटली होती का? पहिल्या दोन्हींना माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजार किती पसरला होता हे नक्की न कळल्याने तिला पूर्ण किमो घ्यावा लागला. ती आज ठणठणीत आहे, पण त्या किमोतला काही भाग माझ्या घाईचा होता.

तातडीच्या ऑपरेशनला रिपोर्टची वाट बघायची नसते. भूल देण्याआधी दहा मिली रक्त काढून सिरम फ्रीजमध्ये ठेवलं तरी पुरतं. राहूनच गेलं तर दुसऱ्या दिवशी घ्या. एएफपीचं प्रमाण अर्धं व्हायला पाच ते सात दिवस लागतात, त्यामुळे थोडा उशीर चालतो. एचसीजी मात्र दीड दिवसातच निम्मा होतो.

कोणी आणि कुठे ऑपरेशन करायचं

मार्कर वाढलेले असतील किंवा गाठ घट्ट असेल आणि मुलीची तब्येत स्थिर असेल, तर माझ्या गावात मी ऑपरेशन करत नाही. तीन-चार दिवसांत पुढे पाठवते. पोटाचा एमआरआय किंवा सीटी आणि छातीचा सीटी तिथे होतो. तिथे मुलांच्या कॅन्सरचे डॉक्टर आणि स्त्रीरोग कॅन्सरचे सर्जन एकत्र बसून ठरवतात. मुंबईला परळचं टाटा मेमोरियल आहेच. विदर्भातल्या लोकांना नागपुरातच सोय होते, गोव्यातल्यांनी आधी बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला विचारावं.

मध्येच कुणी म्हणेल, “सुई टाकून जरा पाणी काढून बघू.” अंडाशयापुरत्या मर्यादित गाठीत हे करू देऊ नका. सुईच्या भोकातून पेशी पोटात सांडतात आणि पहिल्या टप्प्यातला आजार आपणच वरच्या टप्प्यात ढकलतो. गाठ सर्वत्र पसरलेली असेल आणि आधी किमो द्यायचा असेल, तर बायोप्सीचा निर्णय मोठं सेंटर घेतं.

पीळ बसलेला असेल तर वाट बघता येत नाही. तेव्हा पीळ सोडवायचा. काळंनिळं दिसणारं अंडाशयही पुष्कळदा जगतं, त्यामुळे रंगावरून ते काढू नका. रक्त घ्या, पोटातलं पाणी तपासायला घ्या, गाठीला छेद न देता पोट बंद करा. सहा-आठ आठवड्यांत तपासण्या करून शांतपणे दुसरं ऑपरेशन करता येतं, आणि मार्कर वाढलेले आले तर त्याच आठवड्यात पुढे पाठवता येतं.

ऑपरेशन टेबलावर

आईवडील विचारतात, “दुर्बिणीतून होईल का? पोटावर व्रण नको.” त्या प्रश्नाच्या मागे लग्नाचा प्रश्न असतो, तो आम्हाला ऐकू येतो. उत्तर असं: पंधरा सेंटिमीटरची घट्ट गाठ एका सेंटिमीटरच्या छिद्रातून तुकडे केल्याशिवाय निघत नाही, आणि तुकडे करायचे नाहीत. आतमध्ये फुटलेली गाठ स्टेज आयए (एका अंडाशयापुरती, न फुटलेली) वरून आयसी होते, आणि त्यामुळे कधी कधी नुसत्या देखरेखीऐवजी किमो लागतो. व्रण फिका पडतो.

पोट उघडल्यावर क्रम ठरलेला आहे. आधी पोटातलं पाणी, नसेल तर सलाइनने धुऊन ते पाणी पेशींसाठी घ्यायचं. मग आतड्यांवरची चरबी, लिव्हरचा पृष्ठभाग, छाती आणि पोटामधल्या पडद्याची खालची बाजू, लसिकाग्रंथी हाताने चाचपायच्या. संशयास्पद दिसेल तेवढ्याचेच तुकडे घ्यायचे. मग फक्त त्या बाजूचं अंडाशय अखंड काढायचं. गर्भाशय आणि दुसरं अंडाशय आजार पसरलेला असला तरी शक्यतो ठेवायचं, कारण जर्म सेल प्रकारच्या गाठी किमोला फार चांगला प्रतिसाद देतात. दुसरं अंडाशय दिसायला नॉर्मल असेल तर त्याचा ‘खात्रीसाठी’ तुकडा घ्यायचा नाही. त्यातून नळीला चिकटा येतो आणि जे वाचवायचं तेच बिघडतं. डिसजर्मिनोमा दहा-पंधरा टक्के मुलींमध्ये दोन्हीकडे असतो, म्हणून तिथे डोळे जास्त उघडे ठेवायचे.

मार्कर नॉर्मल असलेली सरळ डर्मॉइड असेल तर कहाणी वेगळी. तिथे गाठ सोलून काढून अंडाशय ठेवायचं. दहा सेंटिमीटरच्या डर्मॉइडसाठी अख्खं अंडाशय काढलेल्या मुली अजूनही येतात. एवढ्या गाठीच्या कडेला अंडाशयाची पातळ पापुद्र्यासारखी पट्टी उरलेली असते, ती पुढे पुन्हा भरून येते.

मुलीला आणि आईला ऑपरेशनच्या आधीच स्पष्ट शब्दांत सांगा: एक अंडाशय राहिलं तरी पाळी येते, मूलही होतं.

पॅथॉलॉजीची गाठ

या गाठी इतक्या दुर्मीळ आहेत की गावातल्या पॅथॉलॉजिस्टने एखादी आयुष्यात दोनदाच पाहिलेली असते. म्हणून रिपोर्ट कितीही छान टाइप केलेला असला तरी मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड घेऊन मोठ्या सेंटरला दुसरं मत घ्या. ब्लॉक मुलीचे आहेत, लॅबकडून मागून घ्यायला संकोच नको. गाठीच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे निदान एक तुकडा बघितला गेला पाहिजे, नाहीतर टेराटोमाच्या एका कोपऱ्यात दडलेला योक सॅकचा भाग निसटतो. मार्करचा आकडा आणि रिपोर्ट जुळत नसतील, म्हणजे एएफपी हजारांत आणि रिपोर्ट ‘डिसजर्मिनोमा’, तर रिपोर्ट अपुरा आहे. निव्वळ डिसजर्मिनोमा एएफपी तयार करत नाही.

सर्टोली-लायडिग निघाली तर डायसर-१ या जनुकाची तपासणी मागा. ते जनुक बिघडलेलं असेल तर थायरॉइडच्या गाठी आणि घरातल्या लहान भावंडांमध्ये फुप्फुसाची एक दुर्मीळ गाठ होऊ शकते. एका मुलीच्या अंडाशयावरून तिच्या दोन वर्षांच्या भावाच्या छातीचा फोटो काढायची वेळ येते ती अशी. हायपरकॅल्सेमिक स्मॉल सेल गाठीत स्मार्का-४ जनुक असंच तपासतात. तो आजार कठीण आहे, आणि त्याच्या बाबतीत मी आईवडिलांना खोटी आशा देत नाही.

किमो कोणाला, किती

अंडाशयापुरता डिसजर्मिनोमा आणि ग्रेड १ चा इमॅच्युअर टेराटोमा (अपक्व पेशी असलेला टेराटोमा) यांत ऑपरेशन पूर्ण झालं असेल तर फक्त देखरेख पुरते. मुलांच्या सेंटरमध्ये पहिल्या टप्प्यातल्या इतर जर्म सेल गाठींनाही काटेकोर देखरेखीवर ठेवतात, आणि मार्कर चढले तरच किमो देतात. पण दर महिन्याला न चुकता येणारं कुटुंब असेल तरच हा मार्ग निवडावा.

बाकीच्यांना ब्लिओमायसिन, इटोपोसाइड, सिसप्लाटिन, म्हणजे बीईपी, साधारण तीन ते चार सायकल, दर २१ दिवसांनी. तारीख पाळायची. ‘दिवाळी झाली की घेऊ’ या सवलतीत आजाराचा फायदा होतो. सुरू करण्याआधी कानाची तपासणी, किडनीची तपासणी आणि फुप्फुसांची क्षमता बघायची. सिसप्लाटिनने वरच्या पट्टीचं ऐकू येणं कमी होतं, कानात आवाज येऊ लागले तर मुलीने लगेच सांगावं.

घरी एकच नियम भिंतीवर लिहून लावा. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला की पॅरासिटामॉल देऊन रात्र काढायची नाही, तासाभरात हॉस्पिटल गाठायचं. पांढऱ्या पेशी कमी असताना मुलगी संध्याकाळी हसत-बोलत असते आणि पहाटे आयसीयूत असते.

केस जातात आणि परत येतात. पाळी मध्ये थांबते, बहुतेकींची काही महिन्यांत परत येते. सुरुवातीच्या टप्प्यातल्या जर्म सेल गाठींतल्या १०० पैकी ९५ हून जास्त मुली बऱ्या होतात, पसरलेल्या आजारातही मोठा हिस्सा बरा होतो.

पैशांचं आधीच बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन आणि किमो बसतात, रेशन कार्ड आणि आधारवरची नावं जुळत नसतील तर ती दुरुस्ती पहिल्याच दिवशी सुरू करा. मुंबईत राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, मुलांसोबत आलेल्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत. हॉस्पिटलच्या समाजसेवकाला विचारायला लाजू नका, तो त्याच कामासाठी बसलेला असतो.

आकडा कसा वाचायचा

समजा, ऑपरेशनआधी एएफपी १२,००० नॅनोग्रॅम होतं. दर पाच-सात दिवसांनी निम्मं, म्हणजे तीन आठवड्यांनी ते दीड हजाराच्या आसपास किंवा खाली हवं, आणि दहाच्या खाली यायला सात ते दहा आठवडे. तीन आठवड्यांनी १,४०० आलं तर ‘अजून एवढं?’ म्हणून घाबरू नका, ते बरोबर मार्गावर आहे. ५,००० आलं तर काहीतरी मागे राहिलंय. एका आकड्यापेक्षा उतरण महत्त्वाची, म्हणून वहीत तारीख आणि आकडा मांडत जा. किमोच्या पहिल्या काही दिवसांत पेशी फुटून आकडा थोडा उसळू शकतो, तोही डॉक्टरला विचारून घ्या.

पुढे पहिलं वर्ष दर महिन्याला, दुसरं वर्ष दर दोन-तीन महिन्यांनी मार्कर आणि तपासणी. जर्म सेल गाठी परतल्याच तर बहुतेक पहिल्या दोन वर्षांत परततात. इमॅच्युअर टेराटोमात एक चकवा असतो: किमोनंतर मार्कर नॉर्मल, पण सोनोग्राफीत गाठ वाढताना दिसते. पुष्कळदा तो आतला पक्व भाग वाढत असतो, किमोला दाद न देणारा. त्यावर उपाय ऑपरेशन, आणखी किमो नव्हे.

शेवटी फाइल. तिच्यात ऑपरेशनच्या नोट्स, ब्लॉकचे नंबर, मार्करची वही, किमोच्या प्रत्येक सायकलचा डोस. ती आईच्या ट्रंकेत राहू देऊ नका, मोबाइलमध्ये फोटो काढून मुलीकडेच द्या, उद्या ती पुण्याला शिकायला जाईल किंवा सासरी. आणि पहिल्या पानावर लाल पेनाने ब्लिओमायसिन दिल्याचं लिहा: पुढे सिझेरियन असो की अपेंडिक्स, भूल देणाऱ्या डॉक्टरला ते आधी कळलं पाहिजे, कारण या औषधानंतर जास्त प्रमाणात दिलेला ऑक्सिजन फुप्फुसांना इजा करू शकतो.